चमचा खाली ठेवतो

— नाही हो दादा, अवजारं आवरू नका एवढ्यात. बसा. त्या स्टुलावर बसा, एक पाय डुगडुगतो त्याचा, पण पाडत नाही कुणाला. थर्मोस्टॅट बदललात, मान्य, तुमच्या बाजूने काम झालं – पण फ्रिज बंद कुठे झालाय अजून? अर्धा-पाऊण तास लागेल, आत पुरेसं गार झालं की आपोआप थांबेल – हो ना, तेच, मला तेवढंच पाहिजे, आपोआप. तो आपोआप थांबेपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय? खोळंबू दे. त्यांचं वॉशिंग मशीन तासभर उशिरा सुरू झालं तर कुणाचा जीव जाणार नाही. इथे जाईल. – असं बघू नका माझ्याकडे, मला नाटकं करायची हौस नाही. आणि हळू बोलायचीही गरज नाही, हा असा घरघरत असला की पलीकडच्या खोलीत काही म्हणजे काही ऐकू जात नाही. मी तपासून बघितलंय. काल इथे ओट्याला टेकून उभी राहिले आणि त्यांना चार चांगल्या शिव्या घातल्या, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून – आतून हूं नाही की चूं नाही.

त्यांना म्हणजे बाबांना. येताना बघितलेत ना, खिडकीपाशी खुर्चीत, पाठ ताठ, हात मांडीवर, जसं काही कुणी फोटो काढतोय. समोर तिपाईवर सुपाचा वाडगा, त्यात चमचा – सकाळपासूनचा तिसरा वाडगा आहे तो, आधीचे दोन मी बेसिनमध्ये ओतले. परवा सकाळपासून ह्या माणसाने पाण्याशिवाय काही तोंडात घातलेलं नाही. आणि साखरेचा आजार आहे, जुना, रोज दोनदा इंजेक्शन लागतं, तेही बंद. म्हणे, न खाता टोचलं तर साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो, हे तुझ्याच डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे बघा डोकं कसं चालतं – खायचं नाही म्हणून टोचायचं नाही. डॉक्टर म्हणतात, ते काही नाही, आज संध्याकाळच्या पुढे थांबता येणार नाही, रक्त नासायला लागतं. शब्द त्यांचे वेगळे होते, मला कळलं ते हे. पाच वाजता दवाखान्याची गाडी येतेय. दोन माणसं येणार, खुर्चीतून उचलणार, झटापट केली तर हात बांधणार. मी फोनवर हो म्हणून बसलेय. आत्ता सव्वातीन झालेत. त्यातून हा फ्रिज किती खातो बघू.

फ्रिजचा काय संबंध? – बरोबर आहे, मी तुमच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं आणि पिशवी उचलून निघाले असते. बसा. सांगते. सांगितल्याशिवाय तुम्ही थांबणार नाही, आणि गप्प राहिले तर मला तोच ऐकू येत राहतो.

मी आंधळ्या माणसांसाठी सिनेमे बोलते. हेच काम माझं. पडद्यावर जे दिसतंय ते संवादांच्या मधल्या फटीत सांगायचं – तो दार उघडतो, खोली रिकामी, ती मागे वळून बघते – एवढंच. फट तीन सेकंदांची असली तर वाक्य तीन सेकंदांचं. कपाटाएवढी खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, समोर एक पडदा, आणि मी. आमच्या बाई आहेत, त्यांनी दाराच्या आतल्या अंगाला दोन नियम चिकटवलेत. दिसतं ते सांगा, समजतं ते सांगू नका. आणि आवाजावर बोलू नका – कारण आंधळ्याचं अर्धं चित्र आवाजातच असतं, त्याच्यावर बोललात म्हणजे तुम्ही त्याच्या डोळ्यांत बोट घातलंत. सोपं वाटतं ना? करून बघा. समजलेलं बाहेर ठेवून नुसतं दिसलेलं सांगणं म्हणजे तोंडात घास असताना तो न चावता धरून ठेवणं.

तर महिन्याभरापूर्वी एक सिनेमा आला माझ्याकडे. त्यातला माणूस शीतगृहात कामाला असतो, मांस, मासे, फळं ठेवतात तसल्या मोठ्या. कंपनी त्याला म्हणते आमच्या एका प्रयोगात झोप – पडून राहायचं, स्वप्नं बघायची, आम्ही नोंदी घेऊ. तो झोपतो. उठतो, घरी जातो. आणि मग त्याच्या डोक्यात किडा शिरतो की आपण उठलोच नसलो तर? हे घर, ही गल्ली, ही मुलगी, सगळं आत पडल्या पडल्याच दिसत असेल तर? प्रयोगाच्या तिथे काम करणारी एक बाई असते, ती त्याला गुपचूप एक चाचणी सांगते. मेंदूला आवाज करता येतो, शांतता करता येत नाही. स्वप्नात एकदा काही वाजायला लागलं की वाजतच राहतं. तेव्हा घरी जा आणि फ्रिज ऐक. आपोआप थांबला तर तू जागा आहेस. थांबलाच नाही तर अजून झोपेत. आणि झोपेतून सुटायचं कसं? तर स्वप्न चवीवर जगतं. तीन दिवस काही चाखायचं नाही, पाणी चालतं, पाण्याला चव नसते. चौथ्या दिवशी स्वप्न उपाशी मरतं आणि तू उठतोस. आणि ती बाई सांगते, लक्षात ठेव, जो जो तुला खा म्हणून आग्रह करेल तो तो त्या स्वप्नाचा माणूस. जितका जवळचा, तितका पक्का.

कळलं का आता, मी वाडगा घेऊन आत गेले की काय होतं ते? मी जितकं खा म्हणते तितकी मी खोटी ठरते. हात जोडले तर जास्त खोटी. रडले परवा – रडत नाही मी सहसा – तर डोकं हलवून म्हणाले, 'हो, त्याची मुलगीही रडते.'

बॉयलर इन्स्पेक्टर होते ते. पस्तीस वर्षं. कारखान्यात जायचे, बॉयलर थंड करून आत शिरायचे आणि छोट्या हातोडीने पत्र्यावर टकटक करत फिरायचे – चांगला पत्रा खणखणतो, तडा गेलेला बसका बोलतो. मग सही. मालक लोक चहाचा कप घेऊन मागे मागे, हे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत त्यांचं. बाहेर लोक म्हणायचे काय सचोटीचा माणूस, आणि घरात आमची तपासणी चालायची. आईने भांडी घासली की बोटाने ठोकून बघायचे. मी कॉलेज सोडलं – सोडलं म्हणजे उठले आणि बाहेर पडले, तिसऱ्या वर्षाला, तिथले म्हातारे वीस वर्षांपूर्वीच्या वह्या वाचून दाखवायचे आणि आम्ही त्या उतरवून घ्यायच्या, माणूस किती दिवस उतरवून घेईल – तर घरी येऊन सांगितलं, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. मागून म्हणाले, 'पत्रा पातळ आहे.' बस. एवढा एकच शेरा, स्वतःच्या मुलीवर. पुढे चार महिन्यांत आई गेली. त्याच्या पुढे सहा महिन्यांत ह्यांचे डोळे, साखरेनेच खाल्ले. आई असती तर हे सगळं तिच्या गळ्यात पडलं असतं, माझ्या नाही. असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

किती झाले? बारा मिनिटं. हात लावून बघा ना आत, गार लागतंय का. – बरं, दार नका उघडू, कळलं, उघडलं की परत वेळ लागतो. माझाच हात शिवशिवतो.

तर आमच्याकडे रीत अशी की कुठलंही काम बाहेर जायच्या आधी एका आंधळ्या माणसाला ऐकवायचं. आमचे एक तपासनीस काका आहेत, जन्मापासून दिसत नाही, पण मी एक शब्द जास्तीचा घातला तरी पकडतात. त्या आठवड्यात काका तापाने आडवे. बाई म्हणाल्या, अगं तुझे वडील आहेत की. मला नाही म्हणायचं होतं. पण मग वाटलं, ऐकू दे. दोन वर्षांत एकदा विचारलं नव्हतं त्या माणसाने, की तू करतेस तरी काय. रेकॉर्डिंग घरी आणलं, बाबांना त्या खुर्चीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला. दोन तास हलले नाहीत. संपल्यावर हेडफोन काढून घडी घालावी तसा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, 'बरं आहे.' दादा, बरं आहे – त्या तोंडातून. बॉयलरलाही कधी म्हणाले नसतील. मी इथे येऊन, ह्याच ओट्यापाशी, गाढवासारखी हसत उभी राहिले. आणि मग आतून म्हणाले, 'माणूस शेवटी शहाणा निघाला.' कुठला माणूस, कसला शहाणा, माझ्या डोक्यात शिरलंच नाही तेव्हा.

शेवट असा आहे बघा. माणूस घरी टेबलाशी बसलाय. मुलगी सूप आणून ठेवते. मागे फ्रिज घरघरतोय. तो चमचा भरतो, उचलतो, तोंडापाशी आणतो – आणि पडदा काळा. घरघर त्या काळ्यात दोन सेकंद चालू राहते आणि थांबते. संपलं. आता फ्रिज थांबला की नुसता सिनेमा थांबला? खाल्लं की नाही? जागा की झोपेत? ह्याच्यावर लोक भांडतात, पानंच्या पानं लिहितात, एकजण तर चमच्यातल्या सुपाची सावली मोजत बसलाय. मला विचाराल तर बनवणाऱ्यालाही माहीत नसणार, पण ते असो. माझं काम काय होतं? 'चमचा तोंडापाशी. अंधार.' आणि गप्प बसायचं. ते दोन सेकंद मोकळे सोडायचे, ज्याचं त्याने ऐकावं. आणि मी – माझं वाक्य लांबलं. घरघरीवर गेलं. ती थांबते ते बाबांना ऐकूच आलं नाही. वेळेची चूक, दुसरं काही नाही. नवशिकी माणसं करतात. दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्तही केलं मी, बाहेर गेलं ते बरोबरच गेलं. चुकीचं ह्या जगात एकाच माणसाने ऐकलंय.

आणि मग गेल्या आठवड्यात हा बिघडला. तुम्हीच सांगितलंत आत्ता, काटा आतल्या आत चिकटला होता म्हणून मोटर थांबतच नव्हती. मला आधी कळलंसुद्धा नाही. दूध गोठलं, इंजेक्शनच्या बाटल्या गोठून वाया गेल्या, नव्या आणून समोरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, म्हटलं करू दुरुस्त सवडीने. कळलं ते त्यांना. बोलणारं घड्याळ आहे त्यांच्याकडे, बटण दाबलं की वेळ सांगतं. पहिल्या दिवशी म्हणाले, 'तीन तास सतरा मिनिटं झाली, थांबला नाही.' मी म्हटलं जुना झालाय. दुसऱ्या दिवशी, 'एकोणीस तास.' नुसतं सांगायचे, कारखान्यातला आकडा सांगावा तसं. तुमच्या दुकानात मी तेव्हाच फोन केला होता, तुम्ही गुरुवार म्हणालात. तुमचा दोष नाही, मीही नेट लावला नाही. परवा वाडगा ठेवला तर बोटाने दोन इंच पलीकडे सारला आणि म्हणाले, 'नको. मला उठायचंय.'

मला हसू आलं आधी. खरंच. मग ते समजावून सांगायला लागले, शांतपणे. म्हणाले, मी पस्तीस वर्षं यंत्रं तपासली. खऱ्या यंत्रात एका वेळी एक बिघाड होतो. दोन वर्षांत बायको जाते, डोळे जातात, पोरगी शिक्षण सोडून घरी बसते – इतके बिघाड एकाच यंत्रात एकदम होत नाहीत. हा अहवालच खोटा आहे. – म्हणजे उठल्यावर त्यांना डोळे असणार, आई असणार, आणि मी कॉलेजात असणार. कुठल्या तरी तिसऱ्या वर्षाच्या बाकावर मी उतरवून घेत बसलेली असणार. ही मी, तुमच्याशी बोलतेय ती, ही नसणारच, दादा. मला पुसून टाकायला तो माणूस उपाशी बसलाय, आणि इतका प्रेमाने बोलतो हल्ली. 'तुला काही लागणार नाही,' म्हणतात. 'तुला कळणारही नाही.'

आत्याला फोन केला, त्यांची मोठी बहीण. त्यांच्यावर आवाज चढवणारं जगात तेवढं एकच माणूस उरलंय. तर ती माझ्यावरच. तूच असले सिनेमे त्याच्या डोक्यात भरलेस, सरळ शिकली असतीस तर ही वेळ आली नसती. मी म्हटलं येऊन सांग त्यांना. तर गुडघे दुखतात. गुडघे फोनवर बोलताना बरे असतात तिचे. म्हातारी माणसं अशीच, न्यायनिवाडा करायला पुढे आणि वाडगा धरायला कोणी नाही.

प्लग? ओढला ना. तुम्हाला काय वाटलं मला सुचलं नसेल? काल दुपारी. ओढला आणि दहा मिनिटं घर शांत. धावत आत गेले, म्हटलं बाबा, ऐका, थांबला. मान वाकडी करून ऐकलं त्यांनी, खूप वेळ. मग म्हणाले, 'खटका ऐकला मी. बंद होणं आणि बंद करणं, ह्यातला फरक तू मला शिकवणार?' त्यांचे कान काय आहेत तुम्हाला कल्पना नाही. म्हणून म्हणते, आपोआप. तुमचा हातसुद्धा नको त्याच्या जवळ. स्टूल मागे घ्या जरा.

आणि आता सांगतेय ते हसण्यावारी नेऊ नका – सिनेमात तोही येतो. फ्रिज दुरुस्त करणारा. कंपनीचाच माणूस असतो, स्वप्नाला डागडुजी करायला पाठवलेला, पण फ्रिज आपोआप थांबवणं त्यालाही जमत नाही. तुमची बेल वाजली ना, तेव्हा मी दाराकडे निघाले तर बाबा म्हणाले, 'आला का तो?' नुसतं तेवढंच, जसं काही ताटकळले होते. कडी माझ्या हातून निसटली दोनदा. दार उघडलं आणि आधी तुमचे बूट बघितले मी. चिखल होता. म्हटलं स्वप्नातल्या माणसाच्या बुटाला चिखल कशाला असेल. बरं वाटलं. मग वाटलं, का नसेल? डोकं तर माझंच, त्याला थोडा चिखल लावता येत नसेल? – बघा, मीही लागले. परवापासून मलाही घास उतरत नाही. काल एक बिस्कीट तोंडात धरून उभी होते किती वेळ, आणि कानात हा. तुम्ही एवढे कमी का बोलता हो? आल्यापासून सहा वाक्यं झाली तुमची, मी मोजली. काहीतरी बोला ना. शिव्या द्या. बायकोबद्दल तक्रार करा.

'मग दुरुस्त केलेलं ऐकवा की त्यांना.' – हे सातवं. वा. हे बोलायला मी सांगितलं नव्हतं.

ऐकवलं असतं. हेडफोन बिघडलाय. म्हणजे – नाही, बिघडलेला नाही. वेळ झाला नाही. बाई बाहेर न्यायला परवानगी देत नाहीत, आणि ते आता मानणार नाहीत, म्हणतील सही झाल्यावर कागद बदललास. म्हणतीलच ना? तुम्ही त्यांना ओळखत नाही. पंचवीस मिनिटं झाली का? सव्वीस. अजून घरघरतोय मेला. तुम्ही लावलेला तरी नीट आहे ना, की तोही चिकटणारा? – बरं, बरं. रागावू नका.

ऐकवायचा धीर नाही झाला. हे खरं. फाइल माझ्या फोनमध्ये आहे, ह्या इथे. दोन्ही आहेत, चुकीचीही. पण ऐकवली तर त्यांना कळेल की दोन्हींत काय वेगळं आहे, आणि वेगळं नुसतं वेळेचं नाही. तुम्ही परत कधी मला भेटणार नाही, हो ना? हा बिघडला तरी मी दुसऱ्या कुणाला बोलवेन, तेव्हा ऐका.

ती सिनेमातली मुलगी वाडगा ठेवते ना शेवटी, तेव्हा एक क्षण तिचा हात दिसतो, जवळून. अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा डाग. हा बघा माझा. मी ते दृश्य चाळीस वेळा बघितलं असेल, फट मोजायला बघावंच लागतं. दिवसभर तिथे ती वाडगा ठेवते, संध्याकाळी घरी येऊन मी वाडगा ठेवते. तो चमचा भरतो, हे चमचा भरतात. आणि पहिल्या घोटाला – रोज, दीड वर्ष, रोज, एक दिवस खंड नाही – 'मीठ कमी आहे.' दिसत नाही, बाकी काही कळत नाही, पण मीठ कमी आहे हे कळतं. मीठ बेताचं घाल म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, तेही माझ्याच कपाळी. मला काय झालं कुणास ठाऊक त्या दुपारी, त्या कपाटात, ते पडदा काळा व्हायच्या आधीचं चित्र थांबवून ठेवलेलं, चमचा त्याच्या तोंडापाशी, आणि माझ्या मनात आलं – नको खाऊस. एकदा तरी नको खाऊस. ठेव तो खाली आणि सूट, आणि तिला सोडव. आणि मी तसंच बोलले, दादा. 'तो चमचा खाली ठेवतो.' पडद्यावर ठेवत नाही. पडद्यावर चमचा हवेत आहे, शेवटपर्यंत हवेत आहे, मी ठेवायला लावला. आणि वाक्य लांबलं, घरघरीवर गेलं म्हटलं ना, तेही खोटं, मी मुद्दाम त्याच्यावर बोलले. सावकाश, ओढून बोलले. म्हणजे ती थांबलेली ऐकू येऊ नये, म्हणजे तो जागा आहे असं कुणाला वाटू नये, म्हणजे त्याने खाऊ नये. तेव्हा काकांना ऐकवायचं होतं ते, काकांनी पकडलं असतं, मी हसून खोडलं असतं, कुणाच्या गावी नसतं. काका आजारी पडले. आणि मी, तो हेडफोन ह्यांच्या कानाला लावताना मला माहीत होतं की शेवटी ती ओळ आहे, दोन तास होते माझ्याकडे ती काढायला, थांबवायला, आणि मी दारात उभी राहून बघत बसले की कधी येते. मला बघायचं होतं त्यांचं तोंड. मला माझा बाप मरायला पाहिजे होता, दादा, रोज नाही, त्या एका दिवशी, आणि मी ते त्यांच्याच कानात –

काय? हात कशाला वर केलात?

कधी?

कधी थांबला? नाही, आत्ता नाही, आत्ता थांबला असता तर मला – मीठ म्हटलं तेव्हा चालू होता का? डाग दाखवला तेव्हा? मला आठवत नाही. तुम्ही इतका वेळ नुसते बघत – मला थांबवायचं ना, तोंडावर हात ठेवायचा. मी ओरडून बोलत होते. त्याच्या आवाजाच्या वर बोलत होते, आणि तो नव्हताच.

हळू बोला. आता ऐकू जातं. आता सगळं ऐकू जातं.

त्या घड्याळाचं बटण दाबलंय त्यांनी. ऐकलंत? तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटं. नोंद केली. म्हणजे थांबलेला कळलाय. खटका नाही, प्लग नाही, आपोआप. हेच पाहिजे होतं मला. हेच ना पाहिजे होतं.

चमचा वाजला. श्श. वाडग्याला लागला. उचलला की खाली ठेवला? इथून दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का तिथून, खुर्चीचा कोपरा तरी? – नको, जाऊ नका, पावलं वाजतील. मीही नाही जाणार. दाराला चिकटवलेला नियम आहे ना, दिसतं ते सांगा. काय सांगू.

परत वाजला.

– काय, बाबा?

हो. आणते.

मीठ कमी आहे म्हणाले.

खाल्लं. दोन चमचे तरी. रोजच्याच आवाजात म्हणाले, तुम्ही ऐकलंत ना? काही वेगळं होतं का त्यात? मला तरी नाही वाटलं. आता डॉक्टरांना फोन करायला हवा, गाडी येऊ देच, येऊन तपासून जाऊ दे, आणि काकूंकडून इंजेक्शन आणायचं, ते मलाच द्यावं लागतं, दंड धरून. अगदी जवळ बसून. त्यांचं तोंड माझ्या कानाशी येतं तेव्हा.

नाही, तुम्ही निघा. थांबू नका आता. मघाशी थांबा म्हणत होते, ते वेगळं होतं. तेव्हा मला भीती होती की ते उठायचे नाहीत. आता त्यांना पक्कं माहीत आहे की ते जागे आहेत. म्हणजे जे ऐकलं तेही जागेपणीच ऐकलंय.

ती मिठाची बरणी द्या, तुमच्या कोपराशी आहे. आणि जाताना दार हळू ओढा. खटका वाजू देऊ नका.